जोडीदाराला हाक

गेल्या दिवाळीत मेडशीच्या घरी धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनी आम्हांस दूरदर्शन संचासमोर खेळावयास बसविले. ‘टेकेन टॅग टूर्नामेंट’ हा जपानच्या नाम्को कंपनीने 1999 साली काढलेला झुंजीचा खेळ. प्रत्येकाने दोन मल्ल निवडावयाचे. एक लढतो, दुसरा बाहेर थांबतो. कळ दाबताच त्यांची अदलाबदल होते. बाहेरच्याची खर्ची पडलेली शक्ती विसाव्याने थोडीफार भरून येते. परंतु दोघांपैकी एकही आडवा झाला, की डाव दोघांचाही गेला!

आम्ही जॅग्वारच्या मुखवट्याचा किंग व त्याचा चिलखती जोडीदार आर्मर किंग निवडले आणि किंगलाच झुंजवीत राहिलो.

“मोठेबाबा, त्याले बाहेर काढा न!” मुलगा ओरडला.

आणखी एक ठोसा, मग पाहू, असे म्हणेतो किंग कोसळला. आर्मर किंग हातही न उगारता हरला.

मागे उंबरठ्यावर बंधू उभे होते. तीर्थरूप निवर्तल्यापासून शेतीचा सारा व्यवहार आम्ही एकट्याने रेटला. कर्ज वाढले, प्रकृती ढासळली. तरी त्यांच्या हाती काही दिले नाही, आणि यास आम्ही त्याग समजत आलो! ते आपण होऊन पुढे कसे येणार? कळ आमच्याच हाती होती.

बाजार उघडताच सोयाबीन घेऊन बंधू मालेगावास गेले. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. लढण्याहून ते बसणेच आम्हांस अवघड गेले.