लिफ्टचा वाटा

स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैलझुंजी, गिटार आणि पंखा हलवणाऱ्या रमणी उभ्या राहतात. मालागाजवळच्या फुएंखिरोला गावी मी पंधरा दिवस राहिलो, पण यांपैकी काहीच पाहिले नाही. पाहिला तो निळाशार भूमध्य समुद्र, वाळू भरलेल्या होडीत निखारे करून काठीला टोचलेले सार्डिन मासे भाजणारे लोक, आणि किनाऱ्याने उभ्या राहिलेल्या इमारतींची रांग. लंडनला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तिथल्याच एका वसाहतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे. मध्ये बाग, पोहण्याचा तलाव. शेजारी इंग्रज, जर्मन आणि माद्रिदकर.

त्याच आठवड्यात घरमालकांची वार्षिक सभा होती. भाचा म्हणाला, "चला मामा, बैलझुंज इथेच दाखवतो!"

सभेच्या वेळा दोन छापलेल्या होत्या; सहा आणि साडेसहा. पहिल्या वेळेला निम्म्याहून अधिक मालक हजर लागतात, म्हणून कोणीच येत नाही. दुसऱ्या वेळेला येतील तेवढ्यांवर काम चालते! तलावाकाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मी मागे बसलो आणि भाचा हळूच मराठीतून सांगू लागला.

हा सारा कारभार १९६० च्या कायद्याने चालतो. मागाहून त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. घराबरोबर जिना, गच्ची, बाग यांतला शेकडा अमुक असा वाटाही मालकाच्या पदरी येतो आणि वर्गणी त्या वाट्याप्रमाणे पडते. 'मी पोहत नाही' म्हणून तलावाचे पैसे चुकत नाहीत. अध्यक्ष मालकांपैकीच असतो. निवडून, पाळीने किंवा चिठ्ठी टाकून. नको असेल तर महिन्याच्या आत न्यायाधीशाकडे अर्ज करायचा!

वाद पेटला तो लिफ्टवरून. जुने यंत्र बदलायचे होते. तळमजल्यावरच्या एका वृद्ध विधवा बाईंची वर्गणी थकली होती. थकबाकीदारांची नावे सभेच्या पत्रातच द्यावी लागतात. तेव्हा ती गोष्ट सर्वांना ठाऊक होती. अशाला मत देता येत नाही, पण सभेत बसता आणि बोलता येते. बाई उठल्या. म्हणाल्या, "वीस वर्षांत मी त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलेले नाही. पेन्शनीतून काय काय भरू?"

पाचव्या मजल्यावरचे कुबडी घेतलेले जर्मन गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुमच्या दारापुढच्या बागेत मीही कधी बसलो नाही, बाई. तिला पाणी मात्र माझ्याही पैशाने पडते."

व्यवस्थापकाने कागद उलटले. इमारतीच्या मूळ दस्तात तळमजल्याला सूट लिहिलेली नव्हती. तेव्हा भरणे भाग होते. न भरल्यास दावा आणि अखेर घरावर जप्ती. ठराव मान्य नसेल तर कोर्टात जाता येते, पण बहुधा आधी थकबाकी भरून किंवा तेथे जमा करून. बाई खाली बसल्या. कोणी कोणाकडे पाहीना.

मग त्याच जर्मन गृहस्थांनी सुचवले, की बाईंची रक्कम हप्त्याहप्त्याने घ्यावी. हात वर झाले. बाईंचा हात मात्र मांडीवरच होता. सभा संपल्यावर दोघे सावकाश बागेतून चालत गेले, तेव्हा कुबडीच्या बाजूने बाई चालत होत्या.

आपल्याकडची मुले आता तिकडे घरे घेऊ लागली आहेत. त्यांनी समुद्र अवश्य पाहावा. पण सहीपूर्वी दस्त वाचावा आणि थकबाकीचा दाखला मागावा. आधीच्या मालकाची चालू वर्षाची व मागच्या तीन वर्षांची बाकी घराबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडते. प्रवाशांना घर भाड्याने देण्याचा बेत असेल, तर एप्रिल २०२५ पासून त्याला तीन-पंचमांश मालकांची आगाऊ संमती लागते. खोल्या आपल्या असल्या, तरी जिना शेजाऱ्यांचाही असतो.