रेघ मारून ठेवलेली चूक

हजेरीपटात चूक झाली तर व्हाइटनर चालत नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद आणि सही. रेघेखालचं वाचताही आलं पाहिजे.

गिटमध्ये हाच शिरस्ता भेटला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ही व्यवस्था लिहिली. फाइलीतला प्रत्येक नोंदवलेला बदल ती जपते. आम्ही काही शिक्षक आमची उर्दू-मराठी शब्दसूची तीत ठेवतो. मागे एका सहकाऱ्याकडून जुनी फाइल वर चढली आणि ‘ऐन’चे सगळे शब्द उडाले: अक्कल, अर्ज, इज्जत. (अक्कल आणि इज्जत एकदमच गेली, असं कुणीतरी म्हणालंच.) बिचाऱ्याचा चेहरा उतरला. “सर, रिसेट करून टाकू. कुणाला कळणार नाही.”

रिसेट म्हणजे पानच फाडणं. नोंद अजून आपल्याच संगणकावर असेल तर खुशाल फाडा. पण ही सूची इतरांनी उतरवून घेतली होती. त्यांच्याकडे एक इतिहास, आपल्याकडे दुसरा, मग जुळवणार कोण? म्हणून रिव्हर्ट केलं. ते चुकीची नोंद तशीच ठेवतं आणि तिच्या उलट नवी नोंद करतं. शब्द परत आले, त्यांच्या नावावरची चूकही राहिली. त्यांना ते खटकलं. मला नाही.

पान फाडलंच असेल तर त्याच संगणकावर रिफ्लॉग पाहावा. नजरेआड झालेल्या नोंदी तिथे सहसा ३० दिवस तरी सापडतात. मात्र जे कधी नोंदवलंच नाही, ते रिसेट हार्डने गेलं की गिटलाही त्याचा पत्ता नसतो. म्हणून सरांना म्हटलं, घरी निघण्याआधी रोज कमिट करत जा.