जतचं ताट, उमराणीचं पाणी

गुहागरला आमच्या घरासमोरून जो रस्ता निघतो तो चिपळूणला जातो, एवढंच मला लहानपणी ठाऊक होतं. कागदावर त्याचं नाव गुहागर-विजापूर महामार्ग. कुंभार्ली घाट चढून कराड, विटा, नागज करत तो जतला पोहोचतो आणि पुढे कर्नाटकात शिरतो. हे मला समजावलं एका ट्रकवाल्याने. बाजारपेठेतल्या खानावळीत तो माझ्यासमोर बसला होता. ताटातल्या सुरमईच्या तुकडीकडे बघून म्हणाला, "काटं काढंपर्यंत भाकरी गार व्हती. एकदा आमच्या जतला या की. माडग्याळच्या मेंढीचं मटण काय असतंय ते बघा. रस्ता ह्योच हाय, वळायचं न्हाई."

मासे सोडून मी दुसऱ्या कशाला जेवण म्हणत नाही. पण दाराशीच असलेल्या रस्त्याचं दुसरं टोक आपण बघितलं नाही, ही गोष्ट मनात रुतून बसली. शिवाय जत म्हटलं की मला जवळची उमराणी आठवते. शाळेपासून शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर हा माझा जिव्हाळ्याचा विषय. ते कामी आले त्या नेसरीला दोनदा जाऊन आलो होतो, त्याआधी ते लढले त्या उमराणीला कधीच नाही. डिसेंबरात निघालो.

कराडपर्यंतचं काही सांगत नाही. कोयना, पाटण, कृष्णाकाठ यांवर पुष्कळांनी लिहिलं आहे. विटा मागे पडलं की मात्र जमीन बदलते. उसाचा हिरवा रंग संपतो, माळ सुरू होतो. मधूनच द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागा दिसतात. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी जिथवर आलं, तिथवर त्या पोचल्या आहेत. पाणी कुठे थांबलं हे गाडीतूनही कळतं.

जतमध्ये उतरलो त्या लॉजबद्दल एक तक्रार केलीच पाहिजे. खोली बरी होती, पण खाली जेवायला जे होतं ते पनीरचे सात प्रकार आणि मैद्याची रोटी. शाळूच्या मुलखात भाकरी मागितली तर वेटर म्हणाला, "भाकरी फक्त ऑर्डर दिल्यावर." माणूस अडीचशे किलोमीटरांवरून येतो तो मैद्याची रोटी खायला नव्हे. मी तसाच बाहेर पडलो.

स्टँडच्या मागच्या बाजूला एक खानावळ सापडली. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, चुलीपाशी एक मावशी आणि तिची सून. मी बसल्याबसल्या माडग्याळची मेंढी मागितली. मावशी भाकरी थापता थापता थांबली. "मेंढी न्हवं दादा, बोकड हाय. माडग्याळचं चांगलं कोकरू कापायला कोण दील? त्ये पाळायला जातंय."

मग तिनेच समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते जनावर पाहिलं. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब लोंबते कान आणि पोपटाच्या चोचीसारखं बाक आलेलं नाक. याच जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाचं नाव या जातीला मिळालं. झपाट्याने वाढते म्हणून तिला मागणी, आणि नाकाचा बाक जितका देखणा तितकी किंमत चढती. जातिवंत नराला लाखांत बोली लागते. ज्याची कीर्ती ऐकून आलो ते ताटात मिळालं नाही, याचं त्या रात्री वाईट वाटलं. पण बोकडाचा तिखटजाळ रस्सा, सुकं, शेंगाची चटणी आणि टम्म फुगलेली मालदांडी शाळूची भाकरी पुढ्यात आली तेव्हा ते विसरलो. भाकरीला गोडी होती. आमच्या तांदळाच्या भाकरीला ती नाही, हे मी कोकणातला असूनही लिहितो.

मावशीने येताना कडक भाकरी बांधून दिली. पापडासारखी वाळवलेली, आठ-आठ दिवस टिकणारी. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्याला तीच सोबत. ती हातात घेतली आणि मला आमच्या घरातलं सुकट-बोंबलाचं मडकं आठवलं. पावसाच्या चार महिन्यांत होड्या किनाऱ्याला लागतात म्हणून आम्ही मासे वाळवतो. इथे पाणी नाही म्हणून भाकरी वाळवतात. आठवडे बाजारात एका बाईसमोर सुक्या बोंबलांचा ढीग बघितला तेव्हा हा रस्ता मला दोन्ही टोकांनी कळला. घाटाने मीठ आणि सुकी मासळी वर यायची, धान्य खाली जायचं. आमच्या आजीच्या बोलण्यात हे नेहमी यायचं.

जत संस्थानाची गोष्ट डफळ्यांची. मूळचे चव्हाण, डफळापूरचे पाटील, म्हणून डफळे. विजापूरच्या आदिलशाहीत सत्वाजीराव चव्हाणांनी जत, करजगी, बारडोल आणि होनवाडची देशमुखी मिळवली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि मग मोगल, मराठे, इंग्रज अशा प्रत्येकाशी जुळवून घेत हे घराणं १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. मला मात्र गादीच्या यादीत वेगळंच काही दिसलं. सत्वाजीरावांच्या मागे कारभार येसूबाईंच्या हाती. एकोणिसाव्या शतकात रेणुकाबाई, मग सालीबाई. १८२७ मध्ये कर्जापायी साताऱ्याच्या छत्रपतींनी जहागीर जप्त केली. ती १८४१ मध्ये परत आली तेव्हा समोर भागीरथीबाई. शेजारच्या डफळापूर जहागिरीच्या शेवटच्या मालकीणही लक्ष्मीबाई. त्यांच्यानंतर डफळापूर जतमध्ये मिसळलं. इतक्या लहान संस्थानात इतक्या वेळा बाईच्या हाती कारभार आला, यावर कोणी स्वतंत्र पुस्तक लिहायला हवं. कर्जापायी गेलेली जहागीर परत मिळाल्यावर पुन्हा उभी करणं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

राजवाडा, यल्लम्माचं देऊळ हे सगळं तासाभरात पाहिलं. खरं तर माडग्याळला धनगराच्या घरी जेवायचं ठरलं होतं. पण सकाळी उठलो आणि पाय उमराणीकडे वळले. जेवण राहिलं तर राहिलं.

एप्रिल १६७३. आदिलशाही सरदार बहलोलखान पन्हाळ्याकडे निघाला होता. प्रतापरावांनी त्याला उमराणीजवळ गाठलं आणि पहिली गोष्ट केली ती पाणी तोडण्याची. वैशाखाच्या तोंडावरचं ऊन आणि या माळावर एकच पाणवठा; तो मराठ्यांच्या हाती. दिवसभर लढून खानाची फौज तहानेने कासावीस झाली. खानाने शरणागतीची बोलणी केली, पुन्हा वाटेला जाणार नाही असा शब्द दिला आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. शिवाजी महाराजांना हे मुळीच पटलं नाही. खान पुढे उलटलाच. महाराजांचे शब्द प्रतापरावांच्या इतके जिव्हारी लागले की २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत अवघे सात जण खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही कामी आले. राज्याभिषेकाला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते.

उमराणीत एका निवृत्त इतिहासशिक्षकांच्या ओसरीवर बसलो. मी कोण, कुठला हे विचारण्याआधी त्यांच्या घरातून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आला. मी बोललो तेव्हा माझी बाजू ठरलेली होती: प्रतापरावांची ती चूक होती आणि ती फार महाग पडली.

"गुरुजी, शत्रू हाती असताना सोडणं म्हणजे राज्याचं नुकसान नव्हे का?"

"नुकसान झालं. न्हाई कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "पण तुम्ही मे महिन्यात या माळावर एक दिवस काढा. तहानेनं जीभ बाहेर आलेल्या माणसाला, जनावराला बघा. मग सांगा."

"महाराजांनीच दोष दिला."

"महाराज राज्य बघत होते. प्रतापराव माणसं बघत होते, समोर, डोळ्यांनी." मग थांबून म्हणाले, "आणि हे दानम्माचं गाव आहे, साहेब."

बाराव्या शतकात याच उमराणीत लिंगम्मा नावाची मुलगी जन्मली. बसवण्णांच्या शरणपरंपरेत ती गेली. तिच्या देण्याच्या वृत्तीवरून तिचं नाव दानम्मा पडलं. जवळच गुड्डापूरला तिचं मोठं देवस्थान आहे आणि कार्तिकी अमावस्येला महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं तिथे पायी येतात.

गुरुजींचं म्हणणं मला आजही पटत नाही. सेनापतीने दया करायची ती राज्य सुरक्षित झाल्यावर. पण ओसरीवरून उठताना मी वाद घालत नव्हतो; मला दुसरंच आठवत होतं. २०१२ साली याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायचा ठराव केला होता. २०२२ मध्ये तोच प्रश्न पुन्हा वर आला. तेव्हा मी दूर कोकणात बसून त्या लोकांना नावं ठेवली होती. आमच्याकडे पावसाळ्यात विहिरी काठापर्यंत भरतात. मी काय बोलत होतो याची मला त्या तांब्याकडे बघताना लाज वाटली.

दुपारी गुड्डापूरला दासोहाच्या, म्हणजे देवस्थानाच्या अन्नदानाच्या, पंगतीत बसलो. गव्हाची हुग्गी, भात, सांबार. वाढणारा मुलगा कानडीत विचारत होता, शेजारची बाई मराठीत 'अजून वाढ' म्हणत होती. कोणी नाव विचारलं नाही, पैसे विचारले नाहीत. मासा नव्हता, मटण नव्हतं. या प्रवासातलं सगळ्यात चांगलं जेवण ते.

जतला जेवायला जाणार असाल तर थंडीत जा. मार्गशीर्षात यल्लम्माची जत्रा भरते, खिलार बैलांचा बाजार लागतो आणि पुढे शाळू हुरड्याला येतो. लॉजमध्ये जेवू नका, चुलीवर भाकरी थापणारी खानावळ शोधा. मटण मागताना बोकड की मेंढी ते आधी विचारा. एक दुपार गुड्डापूरसाठी ठेवा. आणि उमराणीत कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तहान नसली तरी घ्या.