आवाज कधी येतो?

इंजिनातून आवाज येतोय अशी तक्रार घेऊन आलेला माणूस बहुधा तो आवाज तोंडानेच काढून दाखवतो. मी नीट ऐकून घेतो, पण त्यावरून निदान करत नाही. टॅपेट, फुटलेलं मॅनिफोल्ड गास्केट, इंजेक्टर आणि पेट्रोलच्या वाफा खेचणारा पर्ज व्हॉल्व्ह, या चौघांची टिकटिक तोंडाने काढली तर सारखीच निघते. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, कधी येतो? सकाळी गार इंजिनवर, की पाच-दहा किलोमीटर चालल्यावर? उभ्या गाडीत, की चढावर रेस दिल्यावर? एसी लावला की वाढतो? क्लच दाबला की थांबतो? या उत्तरांत निम्मं निदान होतं, आणि तोवर एकही नट सोडलेला नसतो.

हे मी शिकलो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शेतावरच्या सिंगल सिलिंडर ऑइल इंजिनांवर. ती इंजिनं इतकी सावकाश चालतात की एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, त्यामुळे व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो. खालचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर ते दर फेऱ्याला ठोकतं. कारचं इंजिन आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका टॅपेटचे ठोके ४०० पडतात, सेकंदाला सहा-सात. सवय झाली की कान ते पकडतो. आवाज अर्ध्या गतीचा असेल तर वर बघायचं, पूर्ण गतीचा असेल तर खाली.

बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये गॅरेज टाकल्यावर या शिकवणीत एक मोठी भर पडली, ती इथल्या ट्रॅफिकमुळे. ओल्ड मद्रास रोड, आउटर रिंग रोड, टिन फॅक्टरीचा चौक आणि रेल्वेवरचा हँगिंग ब्रिज हे सगळं एका जागी येऊन मिळतं. संध्याकाळी इथून सुटणाऱ्या गाडीचं इंजिन बराच वेळ नुसतं जागच्या जागी फिरत असतं. ऑइल पंप इंजिनच्याच गतीने फिरतो, म्हणून आयडलिंगला प्रेशर सगळ्यात कमी असतं. त्यात ऑइल तापून पातळ झालेलं. टॅपेट वाजायला, बेअरिंग झिजायला यापेक्षा वाईट वेळ नाही. आणि मालक मात्र मीटरवरचे किलोमीटर मोजून ऑइल बदलतो. हिशेब करून बघा. ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनचे १६७ तास, ताशी १५ च्या सरासरीने तेच ६६७ तास. मीटर दोघांचं सारखंच असतं, ऑइल सारखं नसतं. टिन फॅक्टरीवरून रोज ये-जा करणाऱ्यांना मी सांगतो, ५,००० ला बदला, आणि महिन्यातून एकदा डिपस्टिक स्वतः ओढून बघा. टिकटिकीच्या कितीतरी तक्रारी नुसती ऑइलची पातळी पुरी केल्यावर थांबतात.

टिकटिक दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतलं घट्ट औषध ओतायचं, या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. आवाज दबतो, झीज चालूच राहते. पूर्वीच्या प्रीमियर पद्मिनीला ते चालून जायचं. १०८९ सीसीचं, पुशरॉडचं इंजिन, रुंद ऑइलवाटा. टॅपेटची गॅप फिलर गेजने बघून स्क्रूने बसवली की काम संपलं. आजची इंजिनं ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० अशा पातळ ऑइलवर बेतलेली असतात. हायड्रॉलिक टॅपेट आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा बारीक भोकांतून येणाऱ्या ऑइलवर चालते. तिथे जाड ऑइल सकाळी उशिरा पोचतं, आणि इंजिनची बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते.

व्हाइटफील्डला नोकरी करणारी, पुण्याहून बदलून आलेली एक मुलगी मध्यंतरी गाडी घेऊन आली. "काका, टॅपेट गेलेत, हेड उतरवावं लागेल म्हणालेत."

"कधी वाजतं?"

"सकाळी. ऑफिसला पोचेपर्यंत बंद होतं."

"मग आज रात्री गाडी इथेच राहू दे."

सकाळी गार इंजिन चालू केलं. टिकटिक होतीच. रेस दिली की ठोके नुसते भरभर होत नव्हते, जोरात होत होते. टॅपेटला इंजिनवरच्या भाराशी फारसं देणंघेणं नसतं, म्हणून इथेच माझा संशय बदलला. रबरी पाइपचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. मागच्या कोपऱ्यात फटफट अगदी कानात आली. बॅटरीच्या उजेडात तिथे हेडवर काजळीचा काळा पट्टा दिसला, आणि त्याच्या टोकाला स्टडचं डोकंच नव्हतं. पाचेक मिनिटांत लोखंड तापून फुगलं, फट मिटली, आवाज गेला. मोडक्या स्टडवर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, नवा स्टड आणि गास्केट टाकलं. हेडला हात लागला नाही.

उलटही घडतं. नवी कोरी गाडी आणून टिकटिक ऐकवतात आणि तिला काहीच झालेलं नसतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप वाजणारच. पर्ज व्हॉल्व्हच्या पाइपवर बोट ठेवलं की ठोका बोटाला लागतो. तेवढं दाखवलं की मालकाचं समाधान होतं, आणि पैसे घेण्यासारखं त्यात काही नसतं.

खडखडीचं मूळ बहुतेक वेळा इंजिनच्या बाहेर असतं. स्पीडब्रेकरला पोट घासून सायलेन्सरची हीट शील्ड सुटते आणि ठराविक रेसलाच थरथरते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली सिरॅमिकची वीट फुटली असेल तर गार असताना रबरी हातोडीने हलकं ठोकलं की आत तुकडे वाजतात. फॅन बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं आणि आवाज गेला, तर दोष अल्टरनेटर, टेन्शनर किंवा एसीच्या पुलीत. मात्र गार इंजिन चालू करताच पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद साखळी खडखडली तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर लगेच बघावा. चेन दातावरून सटकली तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

एक आवाज इथे फारसा ऐकू येत नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते, म्हणून जुनं पेट्रोल इंजिन इथे नॉकिंग सहसा करत नाही. तीच गाडी कोलार, चित्तूर करत चेन्नईला उतरली की पुलाच्या चढावर खणखणू लागते. परत वर आली की गप्प, आणि मालक म्हणतो, आपोआप बरी झाली. ती बरी झालेली नसते. प्लग, इग्निशनचं टायमिंग आणि सिलिंडरमधला कार्बन बघायलाच हवा.

राहिला खालचा ठोका. जड, खोल, गरम इंजिनवर जास्त, त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद केला की कमी होणारा. हे रॉडचं बेअरिंग, आणि इथे माझं म्हणणं एकच, गाडी आहे तिथे बंद करा. वेळीच थांबलेला क्रँक पाव मिलिमीटर ग्राइंड करून, म्हणजे लेथवाल्याच्या भाषेत दहा थाऊ, नव्या बेअरिंगवर पुन्हा उभा राहतो. तसाच घरापर्यंत आणला तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. म्हणून फोनवर मागे तसला ठोका ऐकू आला की मी आधी इंजिन बंद करायला लावतो, लोकेशन विचारतो आणि टोइंगवाल्याचा नंबर देतो. बाकीचे प्रश्न गाडी गॅरेजात आल्यावर.