रविवारच्या घरांचं गाव

ऑस्टिनहून हायवे २९० ने पश्चिमेला निघालं, की दीड तासात फ्रेडरिक्सबर्ग येतं. जूनमध्ये गेलात, तर वाटेत स्टोनवॉलजवळच्या स्टॉलवर पीचची एक पेटी जरूर घ्या. घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे संपतात, हा स्वानुभव!

हे गाव वसलं १८४६ मध्ये. जर्मनीतल्या उमरावांच्या एका संस्थेने टेक्सासला पाठवलेल्या लोकांनी ते वसवलं आणि प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिकचं नाव त्याला दिलं. मेन स्ट्रीट चांगलाच रुंद आहे, बैलगाड्या वळवता याव्यात म्हणून. त्याला छेदणाऱ्या रस्त्यांच्या इंग्रजी नावांत एक गंमत आहे. कोर्टापासून पूर्वेकडे जाताना आद्याक्षरं जुळवली तर ‘ऑल वेलकम’ होतं आणि पश्चिमेकडे ‘कम बॅक’. आमच्या लेकीने ती एकेक करून जुळवली. चौकातली अष्टकोनी ‘फेराइन्स किर्श’ म्हणजे १८४७ च्या इमारतीची प्रतिकृती. मूळ इमारत एकाच वेळी चर्च, शाळा आणि सभागृह होती. तिच्या आकारामुळे लोक तिला ‘कॉफीची चक्की’ म्हणत.

मला सगळ्यात आवडली ती पायोनियर म्युझियममधली आणि आसपासची ‘संडे हाउसेस’. दूरवर शेती करणारी कुटुंबं शनिवारी गाडी जुंपून गावात येत, बाजार करत, रात्री या एक-दोन खोल्यांच्या घरात मुक्काम करत आणि रविवारी चर्चला जाऊन परतत. माळ्यावर मुलं झोपायची. तिथे जायला कितीतरी घरांना बाहेरूनच जिना.

जेवायला श्नित्झेल, सॉसेज, सावरक्राउट, वर ॲपल स्ट्रुडल. शाकाहारी मंडळींनी बटाट्याच्या सॅलडमध्ये बेकन नाही ना, ते आधी विचारावं. पाट्यांवर सगळीकडे ‘विलकॉमेन’. पण दिवसभरात जर्मन कानावर पडली नाही. एका दुकानातल्या आजींना मी विचारलंच. त्या हसून म्हणाल्या, “आईवडील आपसात बोलायचे, आम्हा मुलांना कळू नये तेव्हा. मला दहापर्यंत आकडे येतात.”

इथे तर टेक्सासची स्वतःची जर्मन घडली होती. स्कंकसाठी या लोकांनी ‘श्टिंककात्से’, म्हणजे घाणेरड्या वासाची मांजर, असा शब्द केला. शाळा, चर्च, वर्तमानपत्र सगळं जर्मनमध्ये चाले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भाषा टिकली. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्याकडे संशयाने पाहू लागले. १९१८ च्या कायद्याने सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवणं सक्तीचं झालं. मग घरोघरी आईबापांनीच मुलांशी जर्मन बोलणं सोडलं. २००१ पासून टेक्सास विद्यापीठातले अभ्यासक उरलेल्या वृद्धांचे आवाज ध्वनिमुद्रित करत आहेत.

मी पूर्वी शाळेत शिकवत असे, म्हणून ही गोष्ट मनाला जास्त लागली. स्ट्रुडल टिकला, सण टिकले, पाट्या टिकल्या. आपल्याकडेही चकली, लेझीम, ढोल-ताशे टिकतीलच. त्यांची मला काळजी नाही. त्या लोकांवर कायदा आला होता, युद्ध आलं होतं. आपल्यावर तसं काहीच आलेलं नाही. मुलं इंग्रजीत उत्तर देतात आणि आपण घाईत तेच पुढे चालवतो, एवढंच.

मंडळाची मराठी शाळा रविवारी दोन तास भरते. ते आपलं ‘संडे हाउस’च म्हणायचं. पण त्या शेतकऱ्यांची भाषा रविवारच्या घरात नव्हती. ती आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत, गोठ्यात आणि चुलीपाशी होती. तिथली बोली थांबली, तेव्हाच ती संपली.