तासाभराचा किल्ला, दिवसभराचं घर

मालवणच्या धक्क्यावर होडीत बसलं की होडीवाला बजावतो, "तासाभरात परत या हां!" त्या तासात बहुतेक जण काय करतात? तटावर फोटो, शिवरायांच्या हाता-पायाचे ठसे, एक ग्लास कोकम सरबत, की परत. आम्हाला मात्र अख्खा दिवस मिळाला, कारण ऑफिसातल्या मित्राची मावशी किल्ल्यातच राहते. हो, किल्ल्यातच! सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात, हे आमच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं.

किल्ल्याचं काम १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झालं. पायात शिसं ओतलं, समुद्रात तट उभा केला, दरवाजा असा वळणात लपवला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आम्हा आयटीवाल्यांना यातली सिक्युरिटी लगेच कळते. पण खरी कमाल आहे ती दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींची. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे गोडं! मावशींनी कळशीतलं पाणी प्यायला दिलं आणि हसून म्हणाल्या, "बिसलेरी नाय हां, साखरबावचा पाणी."

दुपारी बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. मग पडवीत गप्पा. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद झाल्या की सरबताचा धंदाही बंद. दाणे-सामान आधीच भरून ठेवायचं. आणि रात्री कुणी आजारी पडलं तर? "समुद्र काय म्हणता ता बघूचा," एवढंच उत्तर.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात सिंधुदुर्गही आहे. आम्ही उत्साहाने अभिनंदन केलं, तर मावशींनी विचारलं, "मगे आमच्या घराचा काय?" प्रश्न साधा नाही. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, दुरुस्तीलाही परवानगी लागते. नियम योग्यच आहे, नाहीतर एव्हाना तटावर रिसॉर्ट दिसलं असतं. पण मुलाचं लग्न झालं, एक खोली वाढवायची आहे, तर मावशींनी काय करायचं? त्यांचा मुलगा सध्या मालवणात भाड्याने राहतो.

आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम चालू ठेवायची तर ती समजणारा माणूस टिकवावा लागतो, कारण डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं कधीच नसतं. कुठल्या विहिरीचं पाणी कधी उतरतं, कुठल्या वाऱ्यात होडी काढायची नाही, हे मावशींना ठाऊक आहे. दगड सांभाळायला खातं आहे. या माणसांनी इथे राहावं असं वाटत असेल, तर तेही कुठल्यातरी आराखड्यात लिहायला हवं.

मालवणला गेलात तर तटावरून फिरून झाल्यावर थोडे आतही जा. सरबत तिथल्याच घरातून घ्या. आणि जमलं तर होडीवाल्याला आधीच सांगून दोन तास जास्त मागून घ्या :)