पुढच्या चाकाचा एक इंच

आपल्या भागात येझदी ही घरची गाडी होती. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने ती बाहेर पडे, त्यामुळे तिला परकी कुणी म्हटलंच नाही. ज्या दांडीने किक मारायची तिनेच गिअर टाकायचा, ही तिची खासियत. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला, तरी बेळगाव-धारवाडकडच्या कित्येक घरांत ती अजून उभी आहे. सुटे भाग मिळवताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. मग नव्या गाडीचा पुढचा भाग जुनीला बसवायचा मोह होतो.

माझी बहीण धारवाडला कन्नड घरात दिलेली. दाजींच्या माघारी त्यांची येझदी भाच्याकडे आली. ड्रमब्रेक पुरत नाही म्हणून त्याने एका गॅरेजमध्ये दीडशे सीसी गाडीचे शॉकअप, सतरा इंची चाक आणि डिस्क ब्रेक बसवून घेतला. गावात गाडी फुलासारखी वळू लागली, स्वारी खूश. एका रविवारी आईला मागे बसवून तो बेळगावला निघाला. कित्तूर मागे पडलं, वेग सत्तरवर गेला आणि हँडल दोन्ही हातांत थरथरू लागलं. त्याने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, हे त्याचं शहाणपण. दारात उतरल्या उतरल्या ताई म्हणाली, "मी परत बसने जाणार." भाचा म्हणतो, "मामा, गाडी अलगाडतैती खरी, पण ब्रेक काय मस्त लागतो बघा!"

उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काढल्यामुळे असली दुखणी माझ्याकडे येतात. आधी कोनसेट, चाकाचे बेअरिंग, टायर, स्विंगआर्मचे बुश पाहिले. थरथर बहुधा तिथूनच येते. सगळं ठीक होतं. मग मी ओळंबा काढला.

ऊस वाहणारा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. पुढे जाताना ट्रॉली निमूट मागून येते. तोच मागे घ्यायला गेलात की ट्रॉली आडवी होते. ओढलेली वस्तू सरळ राहते, ढकललेली भरकटते. मोटरसायकलचं पुढचं चाकही असंच ओढलं जातं. हँडल ज्या तिरप्या रेषेभोवती फिरतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या पुढे पडते. या दोन जागांतलं अंतर म्हणजे ट्रेल. ते पुरेसं असलं की चाक स्वतःहून सरळ होतं. कमी झालं की गाडी हलकी वळते, पण वेगात चंचल होते. गावात भाच्याला जे सुख वाटलं आणि हायवेवर जी थरथर आली, ती एकाच कारणाची दोन रूपं.

ट्रेल कमी झाला कसा? नवे शॉकअप दोन इंच आखूड होते, शिवाय अठराच्या जागी सतरा इंची चाक आलं. गाडीचं नाक खाली गेलं. दोन चाकांतलं अंतर चौदाशे मिलिमीटरच्या आसपास असेल, तर पुढून इंचभर खाली आलं की हँडलची रेषा साधारण एक अंशाने उभी होते, आणि ती जितकी उभी तितका ट्रेल कमी. लहान चाकानेही तो घटतोच. टी बदलताना तर बहुतेकांना उलटं वाटतं: शॉकअपच्या नळ्या पुढे सरकवल्या की गाडी लांब होऊन स्थिर होईल. प्रत्यक्षात नळ्या पुढे गेल्या की चाकाची टेकायची जागाही पुढे जाते आणि ट्रेल घटतो. त्यात ब्रेक दाबला की शॉकअप दबतात, नाक आणखी खाली जातं. चोर्ला घाटाच्या उतारावर वळणात कडक डिस्क दाबणाऱ्याला हे कळलेलं बरं.

सुदैवाने जुना पुढचा भाग ताईने भंगारात दिला नव्हता, पोत्यात बांधून ठेवला होता. तो बसवून पुन्हा मोजलं. सपाट फरशीवर भाच्याला गाडीवर बसवलं, हँडलच्या मध्यरेषेत सरळ पट्टी धरून जमिनीवर खडूची खूण केली, चाकाच्या ॲक्सलवरून ओळंबा सोडून दुसरी केली. आधीच्या मापात आणि आताच्यात एक इंचाचा फरक भरला.

राहिला ब्रेक. ड्रम लेथवर बांधला तर तो अंडाकृती झालेला. हलका कट घेऊन गोल केला, लायनर नवे लावून ड्रमच्या गोलाईला घासून बसवले, केबल बदलली. डिस्कची बरोबरी होत नाही, पण गाडी आता सरळ रेषेत थांबते.

भाच्याला डिस्क हवीच आहे आणि त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. आजच्या रहदारीत चांगला ब्रेक ही चैन नव्हे. फक्त फोर्कची लांबी, टीचं माप आणि चाकाचा व्यास जुन्याला जुळला पाहिजे, आणि आधी आरटीओत विचारलं पाहिजे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. विमावालेही नेमकं हेच बोट दाखवतात. सध्या तो सुट्टीच्या दिवशी जुन्या सामानाची दुकानं पालथी घालतोय, खिशात टेप ठेवून.